आयत्या वेळचा विषय

आमच्या चर्चमध्ये नवा पाळक आला की काहीतरी नवं काढतोच. मागच्यांनी खुर्च्या बदलल्या, त्यांच्या आधीच्यांनी पंखे. आताचे अजित पाळक वयानं आमच्या धाकट्याएवढे. त्यांनी साक्षीचं काढलं. दर रविवारी एका घरातल्या एका माणसानं उपासनेत उभं राहायचं आणि प्रभूनं आपल्या आयुष्यात काय केलं ते पाच मिनिटांत सांगायचं. दाराशी यादी लागली. पारधे, म्हणजे आम्ही, तिसऱ्या रविवारी.

पहिल्या रविवारी एकाची दारू सुटली. दुसऱ्या रविवारी एका बाईंच्या पोटातली गाठ विरघळली, डॉक्टरांच्या तोंडच्या वाक्यांसकट. तीस वर्षं मी म्युनिसिपालिटीच्या शाळेत निबंध तपासलेत; गोष्ट कुठं फुगलीय ते मला लांबून दिसतं. पण माणसं रडली, हेही खरं. आमचे दौलतराव मात्र परळच्या नाक्यापासून चाळीच्या जिन्यापर्यंत बोटांवर काहीतरी मोजत आले.

"माझ्याकडं काय आहे गं सांगायला?" दुसऱ्या मजल्यावर दम घेत त्यांनी विचारलं.

खरंच, काय होतं? दारू कधी घेतली नाही, म्हणून सोडायची सोय नाही. जन्म ख्रिस्ती घरातला. बाप्तिस्मा आजोबांनीच नगरकडं घेतलेला, त्यामुळं अंधारातून उजेडात येण्याचं कामही आजोबांनीच उरकून ठेवलेलं.

"शुगर आहे तुम्हाला," मी म्हटलं, "पण ती अजून गेलीय कुठं?"

हसले नाहीत. तेव्हाच मी ओळखलं, प्रकरण साधं नाही.

दुसऱ्या दिवशी अजित पाळक भेटीला आले. चहा हातात पडतो न पडतो तोच ह्यांनी विचारलं, "पाळकसाहेब, साक्ष म्हणजे नक्की काय हो?"

"प्रभूनं आपल्यासाठी काय केलं, ते जगाला सांगणं."

"ते मी सांगेन. पण ते खरं आहे की नाही, हे जगाला विचारायला नको?"

पाळकांनी बिस्किट चहात बुडवलं आणि ते तुटून पडेपर्यंत विचार केला. "विचारायला हरकत नाही," ते म्हणाले. बिचाऱ्यांना काय ठाऊक, की हे खरोखरच विचारायला निघतील!

दौलतराव गिरणीत फोल्डिंग खात्यात होते. विणलेलं कापड टेबलावरून सरकत जायचं आणि हे उभे राहून त्यातले दोष शोधायचे. तुटलेला धागा, तेलाचा डाग, काही दिसलं की खडूची खूण. गिरणी बंद पडली तरी सवय सुटली नाही. लग्नाच्या मांडवात बसले की परक्या बायकांचे पदर निरखत राहतात आणि मला कोपर मारावं लागतं. "विणणाऱ्याला स्वतःचा दोष दिसत नाही," ते म्हणाले. "तपासणारा वेगळाच लागतो." आणि नातवाची अर्धी उरलेली वही काखेत मारून निघाले.

चाळीस वर्षं आम्ही या चाळीत. वरच्या तिन्ही मजल्यांवर बहुतेक बिऱ्हाडं कोकणातल्या हिंदूंची, तळमजल्यावर पाच-सहा घरं बौद्धांची, आणि ख्रिस्ती म्हणाल तर एकटे आम्ही. ह्यांचा प्रश्न सगळ्यांना एकच: मी ख्रिस्ती आहे हे माझ्याकडं बघून तुम्हाला कधी कळलं का, आणि कशावरून?

लोक हसतील, असं मी बजावलं होतं. पण खरं सांगते, उत्तरं काय येतात ते ऐकायची मलाही उत्सुकता होती. आपल्या पाठीमागं आपण कसे दिसतो, हे कुणाला जाणून घ्यावंसं वाटत नाही?

शेजारचे सीताराम परब म्हणाले, "कशावरसून म्हणजे? नाताळाक तुम्ही करंजे दितात, दिवाळेक आम्ही दितो. तुमच्या करंजेत खोबरा कमी." ह्यांनी वहीत लिहिलं: खोबरं कमी. म्हणजे पहिली साक्ष माझ्यावरच शेकली.

चाळीचा सेक्रेटरी राजेश बँकेत असतो. तो म्हणाला, "काका, ऑनेस्टली सांगू? तुम्ही कधी भांडत नाही. मला वाटायचं, बीपी असेल." त्याची मुलगी आकांक्षा कॉलेजला जाते. ती म्हणाली, "गणपतीत सगळे आरतीला आत असतात आणि तुम्ही बाहेर उभे राहून सगळ्यांच्या चपला सांभाळता. लहान होते तेव्हा मला वाटायचं, तुमची नोकरीच आहे ती." यावर दौलतराव खूश झाले. हे लिहून त्याखाली त्यांनी रेघ ओढली.

समोरच्या जाईबाई अठ्ठ्याऐंशी वर्षांच्या. ऐकू कमी येतं, बाकी सगळं शाबूत. "तू बरो माणूस," त्या म्हणाल्या. "माझो पाय मोडलो तेवा पाठीर घेवन खाली उतारलंस. पण बरी माणसा काय, सगळ्याच जातीत आसतत."

बुधवारी रात्री जेवणं आटोपल्यावर त्यांनी वही पुढ्यात घेतली आणि पानं उलटत बसले. "आठ पानं झाली," ते म्हणाले. "मदत करतो, शांत आहे, बरा आहे. सीतारामभाऊही बरे आहेत, आणि ते वारकरी आहेत. मग प्रभू यात कुठं आला? चाळीस वर्षांत या चाळीत मी तोंडानं एकदाही त्याचं नाव घेतलं नाही का गं?"

मी उद्याचे तांदूळ निवडत होते. निवडत राहिले.

तळमजला उरला होता. गुरुवारी सकाळी ते गंगाधर साळव्यांकडं निघाले आणि मीही मागोमाग उतरले. चष्मा विसरलात तर वाचून कोण देईल, असं काहीतरी मी म्हटलं. खरं म्हणजे मला घरात बसवेना.

गंगाधरराव टपालखात्यातून निवृत्त झालेले, सडपातळ, बोलायला मोजके. सुरुवातीचे आठ दिवस सोडले तर इतक्या वर्षांत जिन्यावर 'काय, बरं?' आणि 'बरं' याच्या पलीकडं त्यांच्याशी आमचं बोलणं गेलं नव्हतं. त्यांची बायको राधाबाई खाली बसून मेथी निवडत होत्या. ह्यांनी प्रश्न विचारला. गंगाधररावांनी तो नीट ऐकून घेतला, चष्मा पुसला, पुन्हा घातला.

"लिहा," ते म्हणाले. "मी सांगतो तसंच लिहा. चौऱ्याऐंशी साल, मे महिना. तुम्हाला इथं येऊन आठ दिवस झाले होते. आदल्या संध्याकाळी मी तुमच्याकडं येऊन चहा पिऊन गेलो होतो. गाव एक निघालं, मग नातंही निघालं. तुमचे आजोबा आणि माझी आजी सख्खी भावंडं. ते ख्रिस्ती झाले, आमच्या घरानं पुढं धम्म घेतला, पण घर एकच. तुम्ही माझा हात धरला होता."

दौलतराव लिहीत होते.

"दुसऱ्या दिवशी सकाळी नळावर रांग होती. जाईबाईंनी तुम्हाला विचारलं, तुम्ही खालच्या साळव्यांच्यातले काय? तुम्ही म्हणालात, छे छे, आम्ही त्यातले नव्हे. आम्ही ख्रिस्ती. मी तुमच्या मागं तिसरा उभा होतो, बादली घेऊन. ऐकलं आणि रिकामी बादली घेऊन परतलो."

पेन थांबलं. "मी? असं म्हणालो?"

"तुम्ही आज विचारलंत ना, ख्रिस्ती आहात हे कधी कळलं? त्या दिवशी कळलं."

आवाज चढला नव्हता. चढला असता तर बरं झालं असतं. ह्यांना नळावरचं ते बोलणं खरोखर आठवत नव्हतं, हे मी देवाला स्मरून सांगते. ज्याचा पाय पडतो तो विसरतो, ज्याच्यावर पडतो तो नाही. पण राधाबाईंनी मेथीतून मान वर केली आणि त्यांच्या नवऱ्याकडं नाही, माझ्या नवऱ्याकडं नाही, माझ्याकडं पाहिलं. कारण मला आठवत होतं.

आता लपवून काय करू? तेव्हा घरात नळ नव्हते, अंगणात एक. वरच्या मजल्यांचं भरून झालं की तळमजल्यानं भरायचं, असा रिवाज. तो कुठं लिहिलेला नव्हता, पण सगळ्यांना पाठ होता. त्या दिवशी राधाबाई तान्ह्या विनीतला कडेवर घेऊन पहाटेपासून थांबल्या होत्या आणि मी त्यांच्या मागं, नवखी, कुठं उभं राहावं ते न कळणारी. हे उत्तर देऊन बादली भरून वर गेले. जाईबाईंनी मला हात केला, "मगे तू फुडे ये गो." आणि मी हंडा उचलून राधाबाईंच्या पुढं नेऊन ठेवला. एवढंच नाही. मला आनंद झाला. चला, आपण यातून सुटलो, असं मला वाटलं. हंडा भरला तशी मी निघून आले. मागं वळून पाहिलं नाही.

हे मी दौलतरावांना कधी सांगितलं नव्हतं. त्या गुरुवारीही सांगितलं नाही.

दोन दिवस ते जेवणात चिवडाचिवड करत राहिले. शुक्रवारी म्हणाले, "उद्या चाळीची मीटिंग आहे. तिथं बोलतो."

"कशाला?" मी तडकलेच. "रिडेव्हलपमेंटचं घोंगडं भिजत पडलंय, लोक आधीच एकमेकांचे गळे धरताहेत. त्यात हे कुठं? गंगाधररावांना घरी जाऊन सांगा, माफी मागा, झालं."

"त्यांना एकट्याला नव्हतो ना म्हणालो. रांगेसमोर म्हणालो होतो."

"आणि परवा चर्चमध्ये? आपले आजोबा कोण होते हे तिथं कुणी कुणाला विचारत नाही, आपणही सांगत नाही. तीच तर सोय आहे."

त्यांनी वही मिटली. मग म्हणाले, "मी एकदाच त्याचं नाव घेतलं या चाळीत, शैला. आणि घेतलं ते कशासाठी, बघ."

प्रभूला ओळखत नाही म्हणणाऱ्या शिष्याची गोष्ट आम्ही दर गुड फ्रायडेला ऐकतो. मला ती नेहमी सोपी वाटायची. घाबरला, खोटं बोलला, नंतर रडला. पण आमचं तर उलटंच. आम्ही प्रभूला ओळख दिली आणि आपल्याच माणसाला नाकारलं. याला शास्त्रात काय म्हणतात, हे मला आजही कुणी सांगावं. मी खरंच विचारतेय.

शनिवारी संध्याकाळी अंगणात प्लास्टिकच्या खुर्च्या मांडल्या. बिल्डर, कार्पेट एरिया, कुणाची सही राहिली, अशी दीड तास भांडणं झाली. शेवटी राजेशनं कागदावर नजर टाकून विचारलं, "आयत्या वेळचे विषय?" आणि हे उभे राहिले.

"बोला काका. पार्किंगचं आहे का?"

"नाही. चौऱ्याऐंशी सालचं आहे."

लोक हसले. मग ह्यांनी सगळं सांगितलं, जसं वहीत होतं तसं. आजोबांचं, गंगाधररावांच्या आजीचं, आदल्या संध्याकाळच्या चहाचं, नळाचं. "मी ख्रिस्ती आहे, ते खरं होतं," ते म्हणाले. "त्यातला नव्हे म्हणालो, ते खोटं होतं. मी त्यातलाच. गंगाधरराव माझे भाऊ लागतात. मी त्यांना इथंच नाकारलं, म्हणून इथंच सांगतोय." मला वाटलं, उठून ह्यांच्या शेजारी उभं राहावं, पण मी बसूनच राहिले.

जाईबाई मोठ्यानं म्हणाल्या, "काय सांगता तो?" आकांक्षानं त्यांच्या कानाशी सगळं पुन्हा सांगितलं. जाईबाईंनी हात झटकला. "ह्या होय! ता माका तेवाच म्हायत होता. साळव्यांच्याच गावाचा नाव सांगलंस, तेवाच समाजला. पण तू ख्रिश्चन म्हणालंस आणि तुमका वांगडा, आमच्यात, घेवक आमका निमित्त मेळला. आमचाय चुकलाच मां."

म्हणजे सगळ्यांना ठाऊक होतं! चाळीस वर्षं जे झाकलं म्हणून आम्ही निर्धास्त होतो, ते कधी झाकलेलंच नव्हतं. खोटं बोलून आम्ही काही वाचवलं नाही, फक्त एक भाऊ घालवला.

गंगाधरराव उठले. सगळे त्यांच्याकडं बघू लागले. काहींना वाटलं मिठी मारतील. ते राजेशकडं वळले. "इतिवृत्तात घ्या."

"साळवेकाका, हे... हे इतिवृत्तात कसं घ्यायचं? ठराव नाही काही."

"आयत्या वेळचा विषय आहे ना? घ्या मग. पुढच्या सभेत वाचून कायम करायचं." आणि ते पुन्हा बसले. राजेशनं मुकाट्यानं लिहून घेतलं. दौलतरावांचा चेहरा असा मोकळा झालेला मी पुष्कळ वर्षांत पाहिला नव्हता.

लोक खुर्च्या उचलायला लागले. गर्दीतून राधाबाई माझ्याजवळ आल्या. "वहिनी, तुम्हाला नाही काही सांगायचं?"

"हे बोलले की सगळं," मी म्हटलं.

राधाबाईंनी मान डोलावली आणि खुर्ची घेऊन गेल्या. मला त्या रात्री झोप आली नाही.

रविवारी उपासनेत ह्यांचं नाव पुकारलं. पाच मिनिटंही लागली नाहीत. दारू नाही, गाठ नाही, फक्त नळ. आजोबांची जात तोंडातून निघाली तेव्हा पुढच्या बाकावर कुणीतरी खोकलं आणि दोघं-तिघं चुळबुळले. आमच्यातल्या पुष्कळांचे आजोबा त्याच वाटेनं आलेले. शेवटी दौलतराव म्हणाले, "प्रभूनं माझ्यासाठी काय केलं, ते सांगायचं होतं. मी त्याच्या नावाचं काय केलं, ते त्यानं मला दाखवलं. एवढंच आहे माझ्याकडं." आणि बसले. कुणी रडलं नाही.

बाहेर चहाच्या टेबलाशी गायनमंडळाच्या सीमाताईंनी माझे दोन्ही हात धरले. "केवढं धैर्य हो तुमच्या मिस्टरांचं! घरातून बळ असल्याशिवाय नाही होत असं."

"प्रभूची कृपा," मी म्हटलं.

म्हटलं आणि माझंच मला ऐकू आलं. काय केलं होतं मी? चाळीस वर्षांपूर्वी ह्यांनी केलं तेच. अडचणीच्या जागी उभी होते, प्रभूचं नाव पुढं केलं आणि त्याच्या आड झाले. ह्यांनी एकदा केलं, मी रोज करत आले होते. चहा तसाच ठेवला. मला माझी इतकी लाज आधी कधी वाटली नव्हती.

चाळीपाशी आल्यावर मी ह्यांना म्हटलं, "तुम्ही व्हा पुढं." राधाबाईंचं दार उघडं होतं. गंगाधरराव घरी नव्हते. मी उंबऱ्याबाहेरच उभी राहिले. शाळेत हजार मुलांसमोर बोललेली बाई मी, पण उंबरा ओलांडवेना.

"राधाबाई, नंबर तुमचा होता. मी हंडा पुढं नेला."

त्यांनी हातातलं भांडं खाली ठेवलं.

"आणि मला तेव्हा बरं वाटलं होतं. वाईट वाटलं असं सांगितलं तर खोटं होईल. ह्यांना हे ठाऊक नाही. फक्त तुम्हाला आणि मला."

"ठाऊक आहे मला," राधाबाई म्हणाल्या. "तुम्ही हसला होतात."

ते मला आठवत नव्हतं. म्हणजे माझ्याही वाट्याला विसरणं आलं होतंच. मी माफी मागणार होते, शब्द तयार करून आणले होते. पण त्याआधी मला दुसरंच विचारावंसं वाटलं. मी वळून पाहिलं नव्हतं, त्यामुळं हे मला कधी कळलंच नव्हतं.

"मी गेल्यावर काय झालं?"

राधाबाईंना हा प्रश्न अपेक्षित नसावा. त्यांनी पदरानं हात पुसले. "पाणी गेलं," त्या म्हणाल्या. "तुमच्यानंतर आणखी दोघींचं झालं आणि नळ सुकला. विनीतला ताप होता. कपाळावर पट्ट्या ठेवायला घरात पाणी नव्हतं. मग नाक्यावरच्या इराण्याकडं गेले. त्यानं मोठा जग भरून दिला. मी कोण, कुठली, काही विचारलं नाही त्यानं."

"बसा," राधाबाई म्हणाल्या.

मी आत जाऊन बसले, खाली, चटईवर. "आणखी सांगा," मी म्हटलं. त्या पहिल्यांदा अडखळल्या, मग बोलू लागल्या. त्या उन्हाळ्याचं, त्यानंतरच्या उन्हाळ्याचं, आमच्या नाताळातल्या बशीचं, जी तळमजल्यावर कधी आलीच नव्हती. वरून दौलतरावांनी दोनदा जेवायला हाक मारली. मी उठले नाही.